मन थाऱ्यावर नसताना व्यायामाची सुरुवात कशी करावी

पेरणीनंतर पावसाने दडी मारली, दुबार पेरणीसाठी पुन्हा कोणापुढे तरी हात पसरावे लागले किंवा बोंडे भरण्याच्या वेळी गुलाबी बोंडअळी दिसली, की आपल्याकडील माणसाची आधी झोप जाते आणि मग बोलणे कमी होते. अशा माणसाला व्यायामाचे सुचवले की उत्तर ठरलेले असते: "दिवसभर वावरात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" यवतमाळ जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवताना हे उत्तर मी पालकांकडून इतक्यांदा ऐकले आहे, की प्रथम त्याचाच विचार करणे मला आवश्यक वाटते.

डवरणी, निंदण, वेचणी यांत शरीर थकते हे खरेच आहे. परंतु ते काम मनाप्रमाणे थांबवता येत नाही, कंबर तासन्‌तास एकाच अंगाने वाकलेली राहते आणि ज्या पिकाची चिंता आत पोखरत असते, तेच पीक सतत डोळ्यांपुढे असते. व्यायामात वेग आपण ठरवतो, श्वासाकडे लक्ष देतो आणि तेवढा वेळ कोणाचेही देणेघेणे नसते. मनाला आधार मिळतो तो या फरकातून.

शरीराच्या अंगाने पाहिले तर ताणाच्या वेळी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छातीत धडधड होते, स्नायू ताठरतात आणि रक्तात साखर सोडली जाते. म्हणजे शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीत येते. समोर रानडुक्कर असते तर ती तयारी कामी आली असती, पण समोर असते बँकेची नोटीस, आणि माणूस रात्रभर खाटेवर कूस बदलत राहतो. भरभर चालल्याने ही तयारी योग्य ठिकाणी खर्च होते, नंतर स्नायू सैल पडतात आणि नियम टिकला तर झोपही गाढ लागू लागते. झोप सुधारली की चिडचिड कमी होते. घरातील माणसांच्या ते आधी लक्षात येते.

सुरुवात फक्त दहा मिनिटांनी करावी. उदास मन "उद्या पाहू" असेच म्हणणार, म्हणून मनाची वाट न पाहता वेळ आणि रस्ता आदल्या रात्रीच ठरवून ठेवावा. माझ्या शेजारच्या एका शेतकऱ्यासोबत मी पहाटे पांदणीने चालू लागलो, तेव्हा पहिले चार दिवस तो नाल्यापर्यंत जाऊन मुकाट परतला. पाचव्या दिवशी, चालता चालता, माझ्याकडे न पाहता त्याने कर्जाचा आकडा सांगितला. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते शेजारी चालताना निघते, म्हणून शक्यतो सोबतीने जावे.

दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत यावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. पाच दिवस अर्धा तास चालले की तो हिशेब पुरा होतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग योग्य समजावा. आठवड्यातून दोन दिवस झेपतील तेवढे जोर-बैठका किंवा सूर्यनमस्कार जोडावेत. यासाठी जिमची गरज नाही. अमरावतीच्या ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, ते आपल्याच मातीतील आहे. लेझीम, कबड्डी, आट्यापाट्या यांना मोकळे मैदान आणि चार माणसे पुरतात.

ऋतूप्रमाणे बदल करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधीच व्यायाम उरकावा आणि पाणी पिऊन निघावे. पावसाळ्यात काळी माती पायाला धरते आणि गवतात विंचू-सापाची भीती असते. त्या दिवसांत ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात बैठका काढाव्यात.

बायाबापड्यांना गावाच्या रस्त्यावर एकटीने फिरणे अवघड वाटते. बचत गटाच्या चौघी-पाचजणी मिळून निघाल्या की ते अवघडलेपण बरेच कमी होते. वेचणीने पुढे वाकून आखडलेल्या पाठीसाठी कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुकावे, खांदे मागे फिरवावेत आणि श्वास सावकाश सोडावा.

फवारणीच्या दिवशी मात्र व्यायाम करू नये. फवारणीनंतर गरगरणे, मळमळणे, फार घाम येणे किंवा अंधुक दिसणे ही टेन्शनची लक्षणे समजून घरी बसू नये. ती विषबाधा असू शकते, तेव्हा तातडीने दवाखाना गाठावा. चालताना छातीत दुखले तरीही तेच. मधुमेह, रक्तदाब किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू असतील, तर व्यायाम सुरू झाला म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर केवळ व्यायामावर विसंबू नये. घरातील एका माणसाला ते स्पष्ट सांगावे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र सुरू असतो. घरच्यांनी कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवावेत, आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे हाक मारून आपल्यासोबत पांदणीवर न्यावे.