काचेवर पाणी येत नाही? नवा पंप घेण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीचा वॉशर, म्हणजे समोरच्या काचेवर पाणी उडवणारी यंत्रणा, बंद पडला की पहिला दोष पंपाला मिळतो. आपल्याकडे मात्र खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणीच असतं. बीड असो की जालना, वॉशरच्या टाकीत पडतं ते बोअरचं जड पाणी. पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो, तोच पंपाच्या जाळीवर आणि जेटच्या (पाणी फवारणाऱ्या तोंडाच्या) बारीक भोकात धरतो. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखालचं पाणी आटतं आणि क्षार तेवढा मागे राहतो.

तपासणी कानापासून सुरू करा. टाकी निम्म्याच्या वर भरा, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा. एकाने वॉशरचा खटका दाबायचा, दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यायचा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर दाबू नका. रिकाम्या टाकीवर तर नकोच. या पंपाला थंड ठेवतं ते आतलं पाणीच.

मोटारीचा आवाज येतो पण पाणी नाही, तर वायरिंगला हात लावायची गरज नाही. पंपाच्या तोंडावरचा पाइप काढा आणि पुन्हा खटका दाबा. तिथे जोरात धार आली तर अडथळा पुढे आहे: पाइप, व्हॉल्व्ह किंवा जेट. नुसतं झिरपलं तर मागे आहे: पंप जिथे टाकीत बसतो तिथल्या रबरी वायसरमधली जाळी गाळाने भरलेली, नाहीतर आतला पंखा मोडलेला.

धार चांगली असेल तर तसंच पुढे सरकत जा, जोड सोडून बघत. बॉनेटच्या बिजागरीपाशी पाइप नीट पाहा. बॉनेट उघडं असताना पाणी येतं आणि लावलं की बंद होतं, अशी तक्रार असेल तर पाइप तिथेच मुडपतोय. उष्णतेने कडक झालेला पाइप टोकाला चिरतो. तेवढा इंचभर तुकडा कापून, टोक गरम पाण्यात बुडवून परत चढवा. सलाईनची नळी लावण्याचा जुगाड सगळीकडे दिसतो, पण इंजिनच्या उष्णतेत ती मऊ पडून चपटी होते. उभ्या गाडीत उंदरांनी पाइप कुरतडलेला असणं हेही नेहमीचंच.

सकाळी पहिल्यांदा दाबल्यावर पाणी चार-पाच सेकंद उशिरा येतं का? मग पाइपमधला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, पाणी धरत नाही. काढून तोंडाने फुंका: हवा एकाच बाजूने जायला हवी. बसवताना त्यावरचा बाण जेटकडे ठेवा.

जेट चोंदलं असेल तर बारीक सुई हलक्या हाताने फिरवा. भोक मोठं झालं की फवारा बिघडतो. हवा मारायची असेल तर आधी जेटचा पाइप सोडा आणि बाहेरून आत मारा. पाइप जोडलेला असताना पंक्चरवाल्याकडची हवा दिली तर जोड निसटतात. क्षार घट्ट असेल तर एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवा, जेट आणि जाळी अर्धा तास भिजत ठेवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. हे पाणी रंगावर सांडलं तर लगेच पुसा.

आता आवाजच येत नाही ती गोष्ट. आधी फ्यूज, साधारण 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. नवा टाकताच पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नका, कुठेतरी वायर शॉर्ट आहे किंवा मोटार जाम आहे. फ्यूज ठीक असेल तर पंपाचा कपलर (वायरचा प्लग) काढा आणि इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब कपलरच्या दोन पिनांना लावून खटका दाबायला सांगा. मल्टिमीटरपेक्षा हा बल्ब बरा, कारण तो पंपासारखाच भार ओढतो. गंजलेल्या वायरवरही मीटर 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब लख्ख पेटला तर वीज पोहोचतेय, पंप गेला. मिणमिणला तर पिनांवरचा हिरवा गंज घासा. पेटलाच नाही तर बल्बचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून दुसरं एकेका पिनला टेकवा. कुठेतरी पेटला तर दोष अर्थिंगच्या बाजूला. काही गाड्यांत खटकाही त्याच बाजूला असतो, म्हणून तोही बघा. दोन्ही पिनांवर अंधार असेल तर पॉझिटिव्हची वायर किंवा खटका.

पंप काढायच्या आधी टाकी रिकामी करा. थेट बॅटरीवर तपासताना मध्ये 10 अँपिअरचा फ्यूज घाला आणि प्लस-मायनस पाळा. उलटं जोडलं तर पंखा उलटा फिरून जोर कमी होतो. दोन तोंडांच्या पंपात तर पाणी मागच्या काचेकडे जातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारल्यावर मोटार चालू झाली तरी खूश होऊ नका, मोटारीतले कार्बन ब्रश झिजून संपत आलेत. नवा पंप बसवताना वायसरही नवा घ्या आणि फक्त पाण्याने ओला करून दाबा. ऑइल-ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि गळती सुरू होते.

टाकीत पुढे बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी, फडक्यातून गाळलेलं एसीचं पाणी किंवा पावसाचं पाणी भरा. आरओचं वाया जाणारं पाणी चालत नाही, त्यात क्षार उलट जास्त असतो. शाम्पूच्या पुडीने फेस होतो आणि सुकल्यावर जेटमध्ये चिकटा बसतो. शेवटी जेटचा गोळा पिनने फिरवून नेम काचेच्या मध्याच्या जरा वर ठेवा, वेगात वारा फवारा खाली दाबतो.