‘लाँच’ कुठे लोटायचं आणि कुठे नाही

हर्णैला माझ्या शिकवणीत दहावीच्या एका मुलाने निबंधात लिहिलं, ‘माय फादर लंचेस हिज बोट इन ऑगस्ट.’ बाबा ऑगस्टात होडीचं दुपारचं जेवण उरकतात! मी ‘यू’च्या आधी एक ‘ए’ घातला आणि सांगितलं, लंच नव्हे, लॉन्च. तर तो म्हणतो, “पण बाई, लाँच म्हणजे होडीच ना? मग होडी कशी लाँच करायची?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री शब्दकोश उघडला.

हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग एक. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाते ती लाँच, हे नाम. काजू आणि हापूस ज्या पोर्तुगीजांच्या बोलीतून आपल्याकडे उतरले, त्याच बोलीतल्या ‘लांचा’वरून ते सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलं. त्यामागे कोशकार मलाय भाषेपर्यंत जातात. तिथे ‘लांचार’ म्हणजे चपळ. क्रियापदाचं कूळ निराळं. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला भाला आहे, ‘लान्सिआ’. भाला फेकणं, भिरकावणं, हा पहिला अर्थ. होडी पाण्यात लोटणं नंतर आलं, सुमारे १४००च्या आसपास.

म्हणून मुलांना मी एकच कसोटी देते: लोटल्यावर ती गोष्ट हातातून सुटून पुढे जाते का? जात असेल तर लाँच म्हणा. होडी जाते. रॉकेट जातं. १४ जुलै २०२३ला श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ गेलं, तेव्हा आमच्या बंदरात मासेमारीबंदीमुळे होड्या ताडपत्रीखाली कोरड्या पडून होत्या. त्या दिवशी वर्गात वाक्य लिहून घेतलं, ‘चंद्रयान-थ्री वॉज लाँच्ड’. यान स्वतःला लोटत नाही, म्हणून ‘वॉज’. बोलताना शेवटचा ‘ड’ कडक होतो, लॉन्च्ट. ‘लाँचेड’ म्हणू नका. नवा मोबाइल, पुस्तक, स्वच्छता मोहीम, हल्ला, हे सगळं या कसोटीवर उतरतं. मोबाइलमधलं अ‍ॅप उघडणंसुद्धा.

दुकान उतरत नाही. दापोलीत कुणी नवं मेडिकल काढलं की फलकावर ‘लाँचिंग’ लिहितात. अहो, दुकान कुठे निघालं? ते तिथेच राहणार. तिथे ‘ओपन’ म्हणा. पूल वाहतुकीला सुरू झाला तरी ‘ओपन’च.

पुलाच्या बाबतीत मात्र माझी कसोटी लंगडते, हे कबूल करते. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे, ४२४ मीटर लांब, सगळ्यात उंच खांब ६४ मीटरचा. एवढ्या खोल दरीत खालून टेकू देणार कसा? मग वरचा सांगाडा एका टोकाला तुकड्या-तुकड्याने बांधत गेले आणि खांबांवरून पुढे सरकवत नेला. इंजिनिअर याला इन्क्रिमेंटल लाँचिंग म्हणतात. तो काही हातातून सुटला नाही, सुटू नये म्हणूनच सगळी धडपड. पण ज्याने ओंडक्यांवरून होडी सरकवली आहे, त्याला हा शब्द तिथे का गेला ते लगेच कळेल.

आणखी एक प्रकार राहिला, ‘लाँच इन्टू’. माणूस एकदम सुरू झाला की हे वापरायचं: ‘ही लाँच्ड इन्टू अ स्पीच’. ग्रामसभेत माइक हातात येताच आमचे एक काका जे सुटतात, ते हेच. यात ‘इन्टू’ गाळू नका. नाहीतर काकांनी भाषणाचं प्रकाशन केलं असा अर्थ होईल.

हे सगळं दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगितलं. त्याने वही पुढे ओढली, ‘लंचेस’चं ‘लाँचेस’ केलं, थोडा थांबला आणि मग ‘माय फादर’च खोडलं. “बाई, एकट्याने नाय लोटत ती. दहा-बारा जणं लागतात.”

आता वाक्य असं आहे: ‘वी लाँच अवर बोट इन ऑगस्ट.’