टाके घातल्यावर जखम कशी सांभाळाल?

टाके जखमेच्या दोन कडा जवळ धरून ठेवतात; भरून काढण्याचं काम शरीरच करतं. पहिले 24 ते 48 तास पट्टी कोरडी ठेवा. नंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की अंघोळ चालेल, पण जखम चोळू नका, स्वच्छ कपड्याने टिपा.

गोव्याच्या पावसाळ्यात पट्टी घामानेच ओली होते. ती लगेच बदला, कारण ओलीखाली कातडी पांढरी, लिबलिबीत पडते आणि जंतूंचं फावतं. टाके निघेपर्यंत समुद्रात उतरणं बंद. खडकावरच्या कालवांनी पाय कापला असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. खाऱ्या पाण्यातले काही जंतू वेगळे असतात, औषधही बदलावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तेही सांगा.

चेहऱ्यावरचे टाके साधारण 5 दिवसांत काढतात, डोक्याचे 7 ते 10, पायाचे 10 ते 14. उशीर केला तर दोऱ्याचे व्रण राहतात, घाई केली तर जखम उसवते. विरघळणारे टाके बहुधा काढावे लागत नाहीत.

हळद, फेणी काहीही लावू नका. कडेला थोडी लाली असतेच. ती पसरली, पू आला, ठणका वाढला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.