पहिल्या आठवड्याचे गणित : 'हीरोज ३' कसा खेळावा

न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगचा 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा संगणकावर पाळीपाळीने खेळायचा, शहरे आणि सैन्य उभारण्याचा खेळ १९९९ साली आला, आणि आमच्या नागपूरच्या धरमपेठेतील घरी तो आजही मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कूलरच्या खोलीत खेळला जातो. नव्याने शिकणाऱ्याने प्रथम पहिल्या आठवड्याचे गणित समजून घ्यावे, कारण या खेळाची गोडी त्यातच आहे.

आपण पाळी संपवेपर्यंत दिवस पुढे सरकत नाही, त्यामुळे विचाराला हवा तेवढा वेळ मिळतो; मात्र एका शहरात दिवसाला एकच इमारत बांधता येते. टाउन हॉल रोज १००० सोन्याची नाणी देतो, तर तोच वाढवून होणारा सिटी हॉल २०००. सिटी हॉलला लागणारी ५००० नाणी वाढीव उत्पन्नातून पाच दिवसांत वसूल होतात, परंतु त्याआधी बाजार, लोहारखाना आणि मेज गिल्ड (मंत्र शिकण्याची इमारत) उभे असावे लागतात. दुसरीकडे, नवे सैनिक आठवड्याच्या पहिल्या दिवशीच भरतीस येतात आणि सिटाडेल, म्हणजे शहराचा बालेकिल्ला, बांधलेला असल्यास ते दीडपट मिळतात. सातव्या दिवसापर्यंत पैसा पाहावा की सैन्य, हे नकाशागणिक बदलते, आणि इतकी वर्षे खेळूनही मला हा निर्णय सोपा वाटत नाही. शत्रू जवळ असेल, तर सिटाडेल आधी बांधावा.

हिरोची, म्हणजे सैन्य घेऊन नकाशावर फिरणाऱ्या सरदाराची, दिवसाची मजल त्याच्या सैन्यातील सर्वांत मंद तुकडीवर ठरते, म्हणून लांबच्या फेरीला मंद तुकडी शहरातच ठेवावी.

लढाईपूर्वी एकच भालाईत हिरोच्या सैन्याच्या वेगळ्या खान्यात काढावा, म्हणजे तो स्वतंत्र तुकडी म्हणून लढतो. बहुतेक तुकड्या लढाईच्या एका फेरीत एकदाच उलटवार करतात. तो वार या एकट्यावर पडू द्यावा आणि मग मुख्य तुकडी पुढे न्यावी. एका भालाइताच्या मोबदल्यात वीस वाचतात, हे पाहिल्यावर धाकट्या आत्येभावाला हा खेळ खऱ्या अर्थाने उमगला.

एकाच संगणकावर दोघांना खेळायचे असल्यास 'हॉट सीट' निवडावे आणि पाळी बदलताना दुसऱ्याने पडद्यासमोरून उठावे. आमच्याकडे तेवढ्यात पन्हे करून होते. सुरुवातीला 'स्मॉल' नकाशाच घ्यावा. 'एक्स्ट्रा लार्ज' नकाशाला आमच्या कित्येक दुपारी लागल्या आहेत.