लिव्हरच्या गाठीला सोनोग्राफीवर बघून सुई : सोलापुरातून निघायच्या आधी काय काय करायचं

लिव्हरमध्ये गाठ आहे असं रिपोर्टात आलं की घरात पहिला प्रश्न एकच, ऑपरेशन करावं लागणार का. लिव्हरच्याच कॅन्सरची लहान गाठ असेल तर पोट न कापता, सोनोग्राफीवर बघत बाहेरून सुई घालून ती जाळता येते, हे सगळं त्याबद्दलच आहे. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्यातरी भाच्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलेला असतो, सुई नाही टाके नाहीत, आवाजाच्या लहरीनं कॅन्सर गायब. मी डॉक्टर नाही, माझं मेडिकल दुकान आहे सात रस्त्याच्या बाजूला, काउंटरवर लोक फायली घेऊन येतात आणि हेच विचारतात. माझं म्हणणं एवढंच की मशीनच्या मागं लागू नका, आधी तीन गोष्टी कळू द्या : गाठ किती सेंटीमीटरची, नेमकी कुठं बसलीय, आणि बाकीचं लिव्हर कसं आहे. मशीन कुठलं वापरायचं ते ह्या तिन्हीवरून डॉक्टरच ठरवतात.

आधी कागद. साध्या सोनोग्राफीत गाठ दिसते पण ती कसली हे त्यावरून ठरत नाही, त्यासाठी ट्रायफेजिक (शिरेतून औषध सोडून तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. त्यात औषध सोडल्यावर गाठ आधी चमकते आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा काळी पडते, ज्याला सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब झालेलं) आहे त्याच्यात हा पॅटर्न पक्का दिसला तर तो लिव्हरचाच कॅन्सर धरतात, बऱ्याचदा बायोप्सीसुद्धा करत नाहीत. (आतड्याचा किंवा ब्रेस्टचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेला असेल तर तो वेगळा विषय, त्याचा हिशोब वेगळा.) रक्तात एएफपी (लिव्हर कॅन्सरची खूण बघायची टेस्ट), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), प्लेटलेट, क्रिएटिनिन, आणि हिपॅटायटिस बी सी दोन्ही. ह्यातलं बहुतेक सगळं सोलापुरातच होतं, त्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन लाइनीत बसायची गरज नाही. एक मात्र करा, सीटीचा नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी मागून घ्या आणि जायच्या आधी घरातल्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा. तिकडचा डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि फोटो स्वतः बघतो, सीडी नसली की परत सीटी, परत पैसे.

आता साइजचं. साधारण ३ सेंटीमीटरपर्यंतची गाठ आणि जास्तीत जास्त ३ गाठी, एवढ्यात असेल तर सुईनं जाळायचा विचार होतो. २ सेंटीमीटरच्या आतली एकच असेल तर रिझल्ट ऑपरेशनच्या जवळ जातो. त्याहून मोठी असेल तर मांडीतून नळी घालून गाठीची रक्तवाहिनी बंद करतात त्याला टेस म्हणतात, कधी दोन्ही मिळून करतात, कधी ट्रान्सप्लांटचं बोलतात. पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) गाठ शिरली असेल किंवा कावीळ वाढलीय, पोटात पाणी भरलंय, माणूस बरळतोय, तर सुईचा हट्ट धरू नका, लिव्हरलाच तो झटका सोसत नाही. लिव्हर किती काम करतंय ते सांगणारा चाइल्ड-प्यू नावाचा स्कोअर असतो, ए बी सी, ए सगळ्यात बरा आणि सी सगळ्यात वाईट, आपल्या पेशंटचा कुठला ते सरळ विचारा. आणि "गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) झाल्यावर जाऊ" असलं काही करू नका, गाठ अडीचची साडेतीन झाली तर सोपा रस्ता तिथंच अवघड होतो.

हे काम करणारा डॉक्टर म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. लोक सर्जनकडे जाऊन "नाही म्हणाले" म्हणून परत येतात, म्हणून हे नाव लिहून ठेवा. पण एकट्याच्या मतावर जाऊ नका, जिथं सर्जन, लिव्हरचा डॉक्टर आणि हा असे एकत्र बसून केस बघतात तिथं दाखवा. मुंबईला परळचं टाटा आहेच.

सुईत मुख्य दोन प्रकार. आरएफए म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, सुईच्या टोकाला करंट देऊन गाठ तापवतात, ६० डिग्रीच्या वर पेशी लगेच मरते. दुसरं मायक्रोवेव्ह, हे जास्त गरम आणि जास्त फास्ट. फरक कुठं पडतो तर गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असली की, नळाखाली धरलेलं गरम भांडं जसं गार पडतं तसं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेला थोडी गाठ जिवंत राहते, मायक्रोवेव्हमध्ये हा त्रास कमी. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, आरएफएचा करंट अंगातून फिरून मांडीला लावलेल्या पॅडमधून बाहेर जातो. अल्कोहोलचं इंजेक्शन हा जुना आणि स्वस्त प्रकार, लहान गाठीला अजून कधीकधी देतात पण बऱ्याच वेळा टोचावं लागतं.

आणि तो व्हिडिओ. त्यातली ट्रीटमेंट बहुतेक हिस्टोट्रिप्सी असते, खोटी नाही. पाण्याच्या पिशवीतून बाहेरूनच अल्ट्रासाऊंडचे झटके देतात, गाठीत बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पेशींचा चुरा होतो, उष्णता नाही सुई नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीतून निघालेलं तंत्र, अमेरिकेच्या एफडीएनं ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली. पण ज्या मुख्य ट्रायलवर ती मिळाली त्यात ४४ पेशंट होते, गाठी ३ सेंटीमीटरपर्यंतच्या. म्हणजे तिथंही साइजचंच आलं की नाही, आणि पेशंट हलू नये म्हणून भूल पण पूर्ण देतात. कुणी "आमच्याकडे आहे" म्हणलं तर मशीनचं नाव, भारतातली परवानगी आणि ही ट्रायल आहे का ते लेखी मागा. सुईनं होणारं काम ह्याच्यासाठी थांबवू नका, हे माझं ठाम मत.

जायच्या आधी गोळ्यांची लिस्ट बनवा. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन चालू असेल तर कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं करू नका, हार्टचा पेशंट असेल तर उलटं पडेल. हिपॅटायटिस बीची टेनोफोविर किंवा एन्टेकाविर तर अजिबात बंद करायची नाही.

त्या दिवशी उपाशीपोटी. भूल देतात, पूर्ण किंवा गुंगीची. बरगड्यांच्या मधून सोनोग्राफीवर बघत सुई जाते, पडद्यावर ती बारीक पांढरी रेघ दिसते, मशीन चालू झालं की टोकाभोवती पांढरा ढग पसरतो, तो वाफेचा, आणि त्यात पुढचं काही दिसेनासं होतं, म्हणून अनुभवी हात लागतो. नुसती गाठ नाही तर भोवतीचं ५ ते १० मिलिमीटर चांगलं लिव्हर पण जाळतात. आतडं जवळ असेल तर मध्ये ग्लुकोजचं पाणी सोडून ते बाजूला सारतात. जळायला मिनिटं लागतात, तयारीला जास्त वेळ जातो, आणि बरेचसे पेशंट एक-दोन दिवसात घरी येतात.

पैशाचं बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली ट्रीटमेंट बसते का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, नंतर विचारून काही उपयोग नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल तर रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत आहे, ठराविक नमुन्यात हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, ते पहिल्याच भेटीत मागून घ्या.

घरी आल्यावर थोडा ताप, अंग गळून जाणं, उजव्या बाजूला दुखणं हे काही दिवस चालतं. पण थंडी वाजून जोरात ताप, पोट फुगणं, चक्कर, काळी संडास, डोळे पिवळे, असं काही झालं तर ट्रीटमेंटवाल्या डॉक्टरांना फोन लावा आणि त्याच वेळी गाडी काढा, रात्र असली तर सिव्हिल उघडं असतंच. पेनकिलर दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका (आमच्याच दुकानातून सुद्धा नको), लिव्हर-किडनी दोन्हीला मार बसतो.

साधारण महिन्या-दीड महिन्यानं परत कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय, गाठ पूर्ण मेली का ते त्यात कळतं, राहिली असेल तर परत सुई देता येते. पुढं सुरुवातीला दर ३ महिन्यांनी. हे चुकवणारे लोक फार, बरं वाटतंय ना मग कशाला म्हणतात. पण गाठ जळाली तरी सिरॉसिस तिथंच आहे, ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना परत गाठ होऊ शकते, लवकर सापडली तर परत लहानच असते.

पेशंटला हिपॅटायटिस बी निघाला असेल तर बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची एचबीएसएजी टेस्ट करा, निगेटिव्ह असतील आणि आधी लस झाली नसेल तर लस द्या. दारू बंद हे सांगायला नको. आणि आपल्याकडं शेंगाचटणी रोजची, तर कडवट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे निवडून टाकून द्या, त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हर कॅन्सरचं कारण आहे, भाजलं तरी पूर्ण जात नाही, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला त्याचा धोका अजून जास्त.