बोटीवरच्या आबांचा माग

आमच्या औशात समुद्र पाहिलेली माणसं थोडीच. तरी आजीच्या पेटीत पत्र्याची एक नळी होती, 'आबांची बोटीवरची' म्हणून जपलेली. आबा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, बोटीवर खलाशी. लातूरहून बार्शी लाइटच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मुंबई, मग बोट. घरात एवढंच ठाऊक होतं. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर मी कशी शोधत गेले ते सांगते.

आधी पेट्या, फडताळं, देव्हाऱ्याखालचे डबे धुंडाळा. हवी आहे ती खलाशाची नोंदवही, सीडीसी (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट). जुने खलाशी तिलाच 'नळी' म्हणत, कारण दाखला पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचा. त्यात नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा आणि अंगठा असतो. पुढं एकेका सफरीची ओळ: जहाज, कुठं चढले, कुठं उतरले, काम काय, वागणूक कशी. आबांच्या बहुतेक ओळींपुढं 'व्हेरी गुड'चा शिक्का आहे. तो मी आत्याला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही.

नळी नसेल तर म्हाताऱ्या माणसांना हुद्दा विचारा. सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडाल (त्याच्या हाताखालचा), सुकाणी (सुकाणू धरणारा) ही डेकवरची नावं. आगवाला भट्टी पेटती ठेवायचा, तेलवाला इंजिनाला तेल द्यायचा, कोयलावाला कोठारातला कोळसा भट्टीपाशी आणून टाकायचा. भंडारी स्वयंपाक करायचा. इंग्रजी कागदांतही हेच शब्द रोमन अक्षरांत येतात, म्हणून आजीचा शब्द जसाच्या तसा लिहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. माणसाच्या नावानं शोधत बसलात तर वर्ष वाया जाईल; माझं गेलं. आधी जहाज शोधा. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला १८५५ पासून एक अधिकृत क्रमांक असे, आणि मालक बदलला, नाव बदललं तरी तो बदलत नसे. आबांच्या नळीत एका जहाजाचं नाव ओल लागून पुसलं होतं, आकडा मात्र शाबूत होता. 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट'च्या संकेतस्थळावर तो टाकला आणि जहाज सापडलं.

मग त्या जहाजाची खलाशी-यादी. १८६३ ते १९३८ च्या सुमारे ७० टक्के याद्या कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. ज्या वर्षाच्या शेवटी ५ येतो, त्या बऱ्याचशा ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. १९१५ च्या याद्या तर नावानिशी फुकट शोधता येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'बीटी ३८१' या मालिकेत, जहाजाच्या क्रमांकानुसार लावलेल्या आहेत. पैसे भरले की प्रत येते.

यादी हाती आली की आपल्याकडची खरी अडचण सुरू होते. आडनाव नसतंच, नाव आणि बापाचं नाव, तेही गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, म्हणून जन्मगावापुढं मुंबई इलाखा नाही, हैदराबाद शोधायचं. औसा मला 'ओवसा' असं सापडलं. बीडचं 'भीर', नांदेडचं 'नांदेर' होतं. घरच्या कागदावर फसली साल (निजामाच्या कारभारातलं महसुली साल) असेल तर त्यात ५९० मिळवा: फसली १३३८ म्हणजे १९२८-२९. कागद उर्दूत किंवा मोडीत असेल तर घाबरू नका. कुणबी नोंदी शोधताना तालुक्या-तालुक्यात ही लिपी वाचणारी माणसं पुढं आली आहेत, त्यांच्याकडं जा.

घरात 'बोट बुडाली, परत आलाच नाही' असं सांगत असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या जवळपास ६,००० भारतीय व्यापारी खलाशांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारक-नोंदींत आहेत. पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक मस्जिद बंदर भागात, इंडियन सेलर्स होममध्ये.

स्वातंत्र्यानंतर काम केलेल्यांसाठी मुंबईत शिपिंग मास्टरचं कार्यालय आहे, बॅलार्ड इस्टेटला. लातूरची गाडी सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथून चालत जाता येतं. सोबत नळीची प्रत, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा ठेवा. १९६४ नंतर नोकरीत असतील तर खलाशांच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातही अर्ज करा, तिथं वारसाची नोंद मिळू शकते.

आबांच्या नळीत सात सफरी आहेत. चारांचा माग लागला. उरलेल्या तिन्हींचे आकडे गंजाच्या डागाखाली आहेत. तो भाग मी उन्हात धरून, भिंग लावून, एकेक अंक वहीत उतरवते आहे.