सहावा विषय जाता जाता निवडू नका: अकरावीच्या विषयगटात होणाऱ्या चुका

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? मामा-काकांचे फोन येतात, क्लासवाले माहितीपत्रकं टेकवून जातात. एकदा शाखा ठरली की सगळ्यांना वाटतं, सुटलो. मग प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर विषयांचा रकाना समोर येतो आणि मागे रांग खोळंबलेली असताना तो दोन मिनिटांत भरला जातो. ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे दरवर्षी दिसतं. त्यातलेच काही पालक पुढच्या वर्षी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारतात, "सर, आता काही करता येईल का?" बहुतेकदा शाखा बरोबरच निवडलेली असते. घोळ विषयगटात झालेला असतो.

आधी राज्य मंडळाचा हिशेब. बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय, एकूण ६०० गुण. इंग्रजी सक्तीची. दुसरी जागा दुसऱ्या भाषेची, किंवा कॉलेजात सोय असेल तर तिच्याऐवजी आयटीची. राहिल्या चार जागा. पुढचं सगळं राजकारण या चार जागांवर, आणि दुसरी भाषा सोडली तर पाचांवर चालतं.

'पीसीएमबी पण द्या आणि सीएस पण द्या'

पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी; सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स. ही मागणी दरवर्षी हमखास येते. "मॅडम, मेडिकलचंही दार उघडं ठेवायचंय आणि कॉम्प्युटर सायन्सही हवंय. फी जास्त पडली तरी चालेल." फी कितीही भरली तरी हे बसत नाही, कारण द्विलक्षी विषय, म्हणजे ज्याला सगळे बायफोकल म्हणतात तो व्यवसायाभिमुख विषय, २०० गुणांचा असतो. तो दोन जागा खातो. इंग्रजी एक, बायफोकल दोन, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन, झाले पाच. सहावी जागा एकच उरते; तिथे गणित बसवा नाहीतर बायोलॉजी. दुसरी भाषा तर आधीच गेलेली असते.

म्हणून बायफोकल घेण्याआधी कागदावर सहा चौकोन काढा आणि एकेक विषय लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. काउंटरवरच्या क्लार्कला हे समजावून सांगायला वेळ नसतो, आणि ते त्याचं कामही नाही.

दुसरी गोष्ट, बायफोकल म्हणजे फक्त कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स, असा शहरांत समज आहे. इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स, मेकॅनिकल मेन्टेनन्स, जनरल सिव्हिल इंजिनिअरिंग, क्रॉप सायन्स, हॉर्टिकल्चर, डेअरी, मत्स्यशास्त्र, बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट हेही द्विलक्षीच. ज्याला शेतीत किंवा कृषी पदवीकडे जायचंय त्याने बायोलॉजीबरोबर क्रॉप सायन्स घेणं, हे केवळ मोठ्या नावाच्या कॉलेजात सीएस मिळतंय म्हणून तिकडे धावण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. पण लेकाने 'क्रॉप' घेतलं असं नातेवाइकांना सांगताना आपल्याकडे आवाज खाली जातो, हीच खरी अडचण.

सीएस घेतलं की कॉम्प्युटर ब्रँच मिळते, हा गैरसमज

इंजिनिअरिंगची ब्रँच ठरते सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई (देशपातळीवरची) यांच्या गुणांवर आणि तुम्ही भरलेल्या पसंतिक्रमावर. बारावीला सीएस होतं म्हणून कॉम्प्युटर ब्रँचसाठी एक गुणही वाढत नाही. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित एवढंच विचारतात. २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे असतात, आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात.

मग सीएस कशासाठी घ्यायचं? मुलाला आवड असेल तर जरूर. पण त्यात काय शिकवतात ते आधी बघा. मुलांच्या डोळ्यांपुढे ॲप आणि गेम असतात. हातात पडतं ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, आणि दुसऱ्या पेपरात इंटेलने १९७६ साली आणलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची असेंब्ली भाषा. प्रॅक्टिकलच्या किटवर हेक्साडेसिमल आकडे टाकत बसलेली मुलं विचारतात, "सर, हे आज कुठे वापरतात?" प्रश्न रास्त आहे. मशीन आतून कसं चालतं हे कळायला तो विषय चांगला आहे, यात वाद नाही. फक्त अपेक्षा आणि पुस्तक यांची गाठ प्रवेशाआधी पडलेली बरी. जुन्या विद्यार्थ्याची जर्नल मागून घ्या आणि अर्धा तास चाळा, माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

सीएसचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन्ही पेपरांत लेखी ५० आणि प्रॅक्टिकल ५० असल्यामुळे २००पैकी १०० गुण प्रॅक्टिकलचे. नियमित येणाऱ्या मुलाची टक्केवारी त्याने सावरते. शिवाय इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी फिजिक्स आणि गणिताच्या जोडीला तिसरा विषय केमिस्ट्रीच हवा असं नाही. कॉम्प्युटर सायन्स किंवा तांत्रिक व्यवसाय विषयही चालतो. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, तिथे केमिस्ट्रीत घसरलेल्या मुलाला हा आधार होतो.

'असू दे' म्हणून घेतलेलं बायोलॉजी, आणि घाईत सोडलेलं

दोन्ही टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, कशाला दार बंद करायचं, चारही विषय घेऊ. दुसरे पहिल्याच दिवशी बायो सोडून मोकळे होतात.

माझं मत: ज्याचं खरंच ठरलेलं नाही त्याने पीसीएमबी घ्यावं, पण अकरावीच्या दिवाळीपर्यंत कुठल्या परीक्षेची तयारी करायची ते ठरवावं. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, बायोलॉजी आणि जेईईचं गणित दोन्ही वर्षं एकाच जोमाने ओढणारी मुलं असतात, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांचं दोन्हीकडे पाणी कमी पडतं. बी.फार्म.ला फिजिक्स-केमिस्ट्रीच्या जोडीला गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक असलं तरी चालतं, त्यामुळे फार्मसीसाठी चारही ओढायची गरज नसते.

गणित सोडणाऱ्यांना काही वाटा नंतर आठवतात. मर्चंट नेव्हीला पीसीएममध्ये ६० टक्के लागतात. एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दल आणि नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित पाहिजे. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते, हे वाचून आर्ट्सची मुलं अर्ज भरतात आणि मग त्यांना कळतं की ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचा पेपर गणिताचाच आहे, आणि तो सगळ्यांना आहे.

कॉमर्स: गणित की एसपी?

इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, बुक-कीपिंग, इकॉनॉमिक्स, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), आणि मग शेवटच्या जागेवर गणित किंवा एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस). दहावीच्या बीजगणिताने पोळलेलं मूल एसपीवर टिक करतं आणि घरचेही "सीए व्हायचंय ना, मग अकाउंट्स पक्कं कर" म्हणून सोडून देतात.

सीएची पहिली परीक्षा असलेल्या फाउंडेशनचा तिसरा पेपर बघा: बिझनेस मॅथेमॅटिक्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्स, १०० गुण, वस्तुनिष्ठ, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के पाहिजेत, म्हणजे तो पेपर बाजूला टाकून पुढे जाता येत नाही. एसपी घेतलेली मुलंही सीए होतात. फक्त बारावीला वर्षभर निवांत शिकता आलं असतं ते क्लासमध्ये दोन-तीन महिन्यांत रेटावं लागतं. बीबीए, बीसीएसाठी राज्यात २०२४पासून सीईटी सुरू झाली आहे. तिथेही आकडेमोडीला पर्याय नाही.

आणखी एक. कॉमर्सचं गणित हे सायन्सच्या गणितापेक्षा वेगळं, त्याची पुस्तकंही वेगळी. कमिशन, विमा, ॲन्युइटी, इंडेक्स नंबर, लिनिअर प्रोग्रॅमिंग असे धडे त्यात असतात. शेजारच्या सायन्सवाल्या ताईचं पुस्तक बघून घाबरायचं कारण नाही. उलट कॉमर्सला बँकिंगसारखं बायफोकल घेतलं तर बहुतेक ठिकाणी गणिताला जागाच उरत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

आर्ट्स: छापील यादीवर विश्वास

माहितीपत्रकात मानसशास्त्र, तर्कशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे सगळे छापलेले असतात. पण वेळापत्रकात मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच तासिकेला समोरासमोर लावलेले असतील तर दोन्ही मिळत नाहीत. काही विषय पुरेशी मुलं आली तरच चालतात. प्रवेशाआधी दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी हा विषय चालला का, आणि शिकवणारे शिक्षक पूर्णवेळ आहेत का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा. आर्ट्सलाही गणित घेता येतं, आणि पुढे अर्थशास्त्रात जाणाऱ्याने ते घ्यावंच. पण ते शिकवणारं कॉलेज शोधावं लागतं.

आयटी आणि 'स्कोअरिंग' भाषा

आयटीची परीक्षा ८० गुणांची ऑनलाइन आणि २० गुणांचं प्रॅक्टिकल. गुण चांगले पडतात हे खरं. पण सायन्सच्या आयटीत एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी लिहावं लागतं, आणि लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद असतील तर सराव घरीच. प्रवेशाआधी लॅब बघून या.

जर्मन किंवा फ्रेंच स्कोअरिंग म्हणून अकरावीत शून्यापासून सुरू करू नका. वर्गातल्या बाकीच्यांनी ती शाळेत आधीच केलेली असते.

इंग्रजी आणि सहाव्या विषयाला वाऱ्यावर सोडणं

इंटिग्रेटेडवाले, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणारे, सांगतात, "बोर्डाचं काय, शेवटच्या महिन्यात होतं." जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीला जायचं तर बारावीला ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५), नाहीतर आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. हे टक्के पाच विषयांचे मोजतात: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. रँक हातात आहे आणि इंग्रजीत पंचेचाळीस गुण, असा मुलगा निकालाच्या दिवशी पाहणं फार वाईट. शिवाय ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, तो कागदावर तरी प्रत्येकाला लागू होतो.

अर्जात शाखा दिसते, विषय दिसत नाही

२०२५-२६पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्यात आली. अर्जात तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता, विषयगटाचा व्यवहार पुढे कॉलेजच्या काउंटरवर होतो. आणि नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणजे नाव मोठं म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेल्या कॉलेजात तुमचा विषयच नसला तर तुम्ही अडकलात. पसंतिक्रम भरायच्या आधी पहिल्या तीन-चार कॉलेजांत स्वतः जाऊन विषयगटांचा तक्ता बघा. त्याच कॉलेजचे अनुदानित आणि विनाअनुदानित वर्ग यादीत वेगवेगळे असतात आणि फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, हेही तेव्हाच बघून घ्या.

चूक झालीच असेल तर

अकरावीची पहिली घटक चाचणी व्हायच्या आत लक्षात आलं तर मामला सोपा आहे. पालकांच्या सहीचा अर्ज घेऊन थेट उपप्राचार्यांकडे किंवा पर्यवेक्षकांकडे जा. वर्गशिक्षक "बघू" म्हणतील, त्यात पंधरा दिवस जातील. ज्या विषयात जायचंय त्यात जागा आहे का हे त्या विभागातून आधीच विचारून गेलात तर काम लवकर होतं. बारावीत गेल्यावर गोष्ट कॉलेजच्या हातात फारशी राहत नाही, विभागीय मंडळाच्या परवानगीपर्यंत जाते. तोंडी आश्वासनावर वर्गात बसू नका, लेखी मंजुरी हातात घ्या. आणि मंडळाचा परीक्षा अर्ज भरला की त्याची प्रत मागून प्रत्येक विषयाचा कोड स्वतः तपासा. कॉमर्सच्या गणिताचा आणि सायन्सच्या गणिताचा कोड वेगळा असतो.

बारावी होऊन गेली आणि एकच विषय कमी पडतोय, तर मंडळाच्या परीक्षेला 'तुरळक विषय' घेऊन बसायची सोय आहे. सगळे सहा विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. बायोलॉजी सोडलेल्यांसाठी तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३च्या नोव्हेंबरात मार्ग मोकळा केला: मान्यताप्राप्त मंडळातून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी पास झालेल्यालाही नीट देता येते. फक्त हा प्रॅक्टिकलचा विषय आहे, ३० गुण तिथले. प्रॅक्टिकल कुठल्या कॉलेजात करायची आणि जर्नलवर सही कोण देणार, हे अर्ज भरायच्या आधी त्या कॉलेजशी बोलून ठरवा. फेब्रुवारीत शोधाशोध केली तर लॅब रिकामी मिळत नाही.